शब्द बदलून या

"दुखतंय" हा शब्द सरांच्या गाळ्यात चालत नसे. कंबर धरून कुणी आत आला आणि "सर, लय दुखतंय वं" म्हणाला, की सर त्याला दारातच अडवायचे. "दुखतंय त्ये मला दिसतंय की. त्यात काय सांगितलंसा? जावा, एक फेरी मारा आन् शब्द बदलून या." माणूस बिचारा लेथच्या कारखान्यापासून रंगाच्या शेडपर्यंत लंगडत जायचा, परत यायचा आणि म्हणायचा, "उठतानी कळ येती सर. बसलं की थांबती." मग सरांचा चेहरा खुलायचा. "आत्ता कसं! या, आत या."

मलाही त्यांनी पहिल्या दिवशी फेरी मारायला लावली होती. मी विश्रामबागेतल्या एका शाळेत खेळाची बाई. माझ्या शिट्टीवर सत्तर पोरं पळतात, आणि हा माणूस मला पोरासारखी शिक्षा करतोय! कुपवाडच्या त्या धुरकट गल्लीतून चालताना परत गेल्यावर काय काय सुनवायचं त्याची मी यादीच केली. पण दारात पोचल्यावर तोंडातून निघालं, "सर, रग नाही, ठणका आहे. संध्याकाळी वाढतो." आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच कंबरेचा विचार केला होता. फेरीच्या निमित्तानं सर दारात उभं राहून आपली चाल बघत असतात, हे मला फार उशिरा कळलं.

सर मूळचे साताऱ्याकडचे. फौजेच्या दवाखान्यात जवानांच्या कमरा आणि गुडघे सरळ करण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक गावाकडं घर बांधतात. यांनी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचा गाळा घेतला. विश्रामबागेत चांगला रस्त्याकडेचा गाळा मिळत होता, मीच दाखवला होता. तर म्हणाले, "मॅडम, दुखणं हितं तयार हुतंय. दुकान तिकडं टाकून काय करू?" सकाळच्या पाळीला कामगार दुचाक्यांवरून येत तेव्हा हे फाटकाशी उभे. गाडीवरून उतरताना कोण कुठला पाय आधी टाकतो, कोण हँडलवर भार देतो, सगळं बघायचे. "गाडीवरनं उतरतानी माणूस खोटं बोलत न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

गाळ्यात खुर्ची नव्हती. एक सतरंजी, एक लाकडी बाक, भिंतीला एक फळा. फळ्यावर खडूनं शब्द लिहिलेले: कळ, चमक, ठणका, ठसठस, उसण, रग, मुंग्या. रग म्हटलं की सर हसायचे. "रग आली? मंग कामाला लागलं अंग. उद्या परत या." पायात मुंग्या म्हटलं की लगेच चवडा वर उचलायला लावायचे. आणि एकदा एक ओतकामातला माणूस म्हणाला, "सर, लघवी कवा हुती त्येबी कळंना झालंय," तर सरांनी त्याला फेरी नाही मारायला लावली, की सतरंजीवर नाही झोपवलं. स्वतः रिक्षात घातलं आणि थेट मिरजेचा मोठा दवाखाना गाठला. त्या दिवशी गाळा उघडाच होता. मीच जाऊन बंद केला.

कमरेचे पट्टे मात्र त्यांना बघवत नसत. आलेल्या माणसाचा पट्टा काढून घ्यायचे आणि परत द्यायचे नाहीत. त्या पट्ट्यांनी त्यांनी रद्दीचे गठ्ठे बांधले होते, एका पट्ट्यानं टमाट्याची रोपं काठीला बांधली होती, आणि एक सायकलच्या कॅरिअरला होता. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ह्यास्नी आधार लागतो. तुला न्हाई."

एकदा एक पैलवान रडत आला. खरंच रडत, एवढा मोठा गडी. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, मणक्यातली गादी सरकली, आता कुस्ती विसर. सर म्हणाले, "गादी काय खाटंवरली हाय का रं, सरकायला? आन् सरकली तर गेली कुठं? कवठ्याला?" पैलवान रडता रडता हसला. मग त्यांनी त्याला पाण्याची अर्धी घागर उचलायला लावली. तो घाबरून मागं सरला. सर म्हणाले, "मी हाय न्हवं हितं." त्यानं उचलली. दुसऱ्या दिवशी पाऊण भरली. सरांचं सगळं शास्त्र मला वाटतं एवढंच होतं. खाटेवर पडू नका, हला, थोडं थोडं वाढवा, आणि 'कंबर गेली', 'मोडली', 'संपली' असं स्वतःच्या कानाला ऐकवू नका.

आणि एक. खेळाडू जे सांगेल ते सर खरं मानायचे. आम्ही खेळाचे शिक्षक पोरांना ओळखून असतो. मैदान टाळायचं म्हटलं की पोटात काय, पायात काय, सगळीकडं दुखतं. मी सरांना तसं म्हणाले तर ते भडकले. "मॅडम, दुखणं त्येच्या अंगात, आन् खरं-खोटं ठरवणार तुमी? त्येनं सांगितलं की झालं. तिथनं पुढं आपलं काम." या माणसाचं खरं मोठेपण तेच होतं, आणि मी त्यालाच धक्का लावला. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण मघापासून पट्टे आणि पैलवान करत बसले आहे.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडं पायाळू माणसाला विजा चमकताना अंगणात जाऊ देत नाहीत आणि कुणाच्या कमरेत उसण भरली की त्यालाच बोलावणं येतं. उसण भरलेला माणूस पालथा पडतो, पायाळूनं डाव्या पायानं कमरेला तीनदा स्पर्श करायचा, उसण जाते. मी सहा वर्षांची असल्यापासून गावातल्या मोठमोठ्या माणसांच्या कमरांवर पाय ठेवत आले आहे. सरपंचाच्यासुद्धा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा लय अभिमान होता. शाळेतही पोरं यायची. "बाई, उसण भरलीया, पाय लावा की."

हे सरांना कळलं तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस माझी शोभा करणार. तर सर सतरंजीवर सरळ पालथे पडले. "लावा."

"सर, काहीतरीच काय!"

"लावा वं! दोन दिस झालं धरलंय हितं."

मी लाजत लाजत तीनदा पाय लावला. सर उठले, डावीकडं वळले, उजवीकडं वळले. "गेली की निम्मी! निम्मी उसण भ्याची असती मॅडम. तुमचा पाय लागला की भ्या जातं, अंग सैल पडतं. चालू ठेवा तुमी." आणि मग बोट वर करून म्हणाले, "पर ध्यानात ठेवा. उसण पावणी हाय. चार दिस ऱ्हाती, जाती. जी मुक्काम ठोकती ती उसण न्हवं. पोरांच्यात तर न्हाईच न्हाई. आन् मागं वाकल्यावर कळ आली तर पाय लावायचा न्हाई, माझ्याकडं आणायचं."

म्हणजे मला सांगितलं नव्हतं असं नाही. हे मी मुद्दाम इथं लिहून ठेवते.

माझ्याकडं एक मुलगी होती, भालाफेकीची. कवठे महांकाळकडची, सोळा वर्षांची, मावशीकडं राहून शिकत होती. वडील फौजेत. खांदा असा, की पहिल्याच वर्षी तिनं माझ्या दहावीच्या पोरांना मागं टाकलं. साताऱ्याच्या क्रीडा वसतिगृहात तिला जागा मिळावी म्हणून मी धडपडत होते, आणि त्यासाठी विभागीय चाचणीत तिचा भाला लांब जायला हवा होता. तिच्यासाठी धडपडत होते असं मी सगळ्यांना सांगायचे. माझी विद्यार्थिनी साताऱ्याला गेली, असं मलाही म्हणायचं होतंच की.

चाचणीच्या पंधरा दिवस आधी सकाळी सरावाला ती जवळ आली. म्हणाली, "बाई, फेकताना मागं वाकलं की कमरंत कळ येतीया. डाव्या अंगाला."

मी म्हणाले, "कधीपासून?"

"महिना झाला आसंल."

यापेक्षा स्पष्ट कुणी सांगायचं? शब्द बरोबर, जागा बरोबर, किती दिवस तेही बरोबर. सरांनी तिला उचलून घेतलं असतं. आणि मी काय म्हणाले? "कळ नाही गं, उसण आहे ती. झोप पालथी."

मी तिचा शब्द बदलला. तिनं बरोबर आणलेला शब्द मी काढून घेतला आणि मला सोयीचा तिच्या तोंडात घातला. कारण कळ म्हटलं असतं तर कुपवाडला न्यावं लागलं असतं, आणि सरांनी सगळ्यात आधी भाला बंद केला असता. तीन दिवस रोज सकाळी मी तिच्या कमरेला पाय लावला. तिसऱ्या दिवशी विचारलं, "कसं वाटतंय?" ती म्हणाली, "बरं वाटतंय बाई." बाईनं पाय लावल्यावर पोरगी दुसरं काय म्हणणार होती?

चाचणीत तिची पहिली फेक चांगली गेली. दुसरी त्याहून चांगली. तिसऱ्या वेळी ती धावत आली, अंग मागं ताणलं, भाला हातातून सुटला आणि ती गुडघ्यांवर बसली. ओरडली नाही. दोन्ही हात मातीवर टेकून तशीच बसून राहिली. मी पळत गेले तर म्हणाली, "बाई, उसण..." आणि पुढं तिला बोलता येईना.

रिक्षातून कुपवाडला जाताना मी तिला म्हणाले, "सरांच्यापुढं पायाचं काही बोलू नको हं. चिडतात ते." एवढंच म्हणाले. तिनं मान हलवली.

सरांनी तिला फेरी मारायला लावली नाही. एका पायावर उभं केलं आणि मागं वाकायला सांगितलं. उजव्या पायावर जमलं. डाव्या पायावर तिनं ओठ दाताखाली धरला. एक्स-रेत काही दिसलं नाही, तेव्हा मी म्हणालेसुद्धा, "बघा सर, काही नाही." मला किती बरं वाटलं होतं! सर म्हणाले, "फोटूत न्हाई म्हून पोरीत न्हाई, आसं हाय का?" मिरजेला एमआरआय झाला. मणक्याच्या मागच्या कमानीला बारीक चीर होती. रोज रोज मागं वाकून, पिळून, हाड थकत जातं आणि चिरतं. वाढत्या वयाच्या फेकणाऱ्या पोरांत, वेगवान गोलंदाजांत हे होतं. वेळेवर थांबलं तर हाड बहुतेक वेळा भरून येतं. सरांनी हे सगळं तिला समजावून सांगितलं, आणि मग तो प्रश्न विचारला.

"कवापासनं हाय ह्ये?"

"महिना... दीड महिना."

"मंग बाईस्नी का न्हाई सांगितलंस?"

मी शेजारीच उभी होते. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खाली बघून म्हणाली, "मी लपीवलं सर. चाचणी जाईल म्हून."

मी फक्त पाय झाकायला सांगितला होता. तिनं मला सगळीच झाकली.

सरांना मी कधी तसं चिडलेलं बघितलं नव्हतं. "अगं, मी हितं बसलोय कशाला? तुमी सांगताय त्येच्यावर माझं सगळं चालतंय! तू खोटं बोललीस तर मी काय हात लावून बघू, देव हाय का मी?" बराच वेळ बोलत होते. बाहेर रंगाच्या शेडमधली माणसं काम थांबवून बघायला लागली. ती मान खाली घालून उभी, डोळ्यातलं पाणी हनुवटीवर आलेलं. आणि मी? मी तिला पाण्याचा तांब्या दिला. एवढंच केलं. एक वाक्य होतं माझ्याकडं, ते गिळून टाकलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता काय, झालं ते झालं.

तीन महिने भाला बंद. सरांनी तिला खाटेवर मात्र पडू दिलं नाही. चालायचं, मग पोटाचे, कुल्ल्याचे, मांडीच्या मागचे व्यायाम, मग घागर, मग रबरी चेंडू फेकायचा, तोही उभ्यानं. ती एक दिवस चुकली नाही. सर तिला शिकवायचे सगळं, पण "कसं वाटतंय?" हे विचारायचं त्यांनी सोडून दिलं होतं. फक्त बघायचे.

आणि हळूहळू ते बाकीच्यांच्या शब्दावरही विश्वास ठेवेनासे झाले. खो-खोची एक पोरगी आली, म्हणाली, "सर, मांडीत कळ येती." तर सर म्हणाले, "खरं? पुन्यांदा वाक. आणि एकदा. खरं सांग." ती पोरगी गोंधळली. मी तिथंच होते. फळ्यावरचे शब्द पुसट झाले होते, सरांनी ते पुन्हा गिरवले नव्हते. मला कळत होतं हे कशामुळं झालं. कळत असूनही मी घरी गेले, जेवले, झोपले. निर्लज्जपणा म्हणतात तो हाच. दुसरं काही नाही.

पाचव्या महिन्यात साताऱ्याहून निरोप आला. पहिल्या दोन फेकींवर तिचं नाव यादीत होतं; कंबर बरी आहे असा कागद आठवड्यात हवा होता. मी तिला घेऊन कुपवाडला गेले. एका पायावर उभी राहून ती मागं वाकली, दोन्हीकडं. सरांनी बारा वेळा करून घेतलं. चेंडू फेकला, भाला फेकल्यासारखं धावली.

"दुखतंय?" सरांनी विचारलं.

"न्हाई सर. आजाबात न्हाई."

सरांनी चेंडू उचलून कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाले, "मला तर काय दिसत न्हाई. पर तवाबी तू लपीवलंच हुतंस. तुझ्या शब्दावर कागद कसा देऊ मी?"

ती दाराकडं वळली. चप्पल घातली आणि बाहेर गेली. त्याच दिवशी गाडीला बसून गावी निघून गेली. आणि देवाशपथ सांगते, मी त्या वेळीही बोलले नाही. सरांच्या समोर उभी होते, ते माझ्याकडं बघत होते, आणि मी म्हणाले, "बघू सर, काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत रजा टाकली आणि गेले. सर गाळा झाडत होते. दारातच सगळं सांगून टाकलं. तिनं मला सांगितलं होतं, चाचणीच्या पंधरा दिवस आधी, 'कळ' म्हणूनच सांगितलं होतं, मी उसण म्हणाले, पाय लावला, आणि तुम्ही तिला बोलत होता तेव्हा मी ऐकत उभी होते.

मला वाटलं आता शिव्या बसतील. बसायला हव्या होत्या. सरांनी केरसुणी कोपऱ्यात ठेवली. "म्हंजी पोरगी खरं बोलली हुती," एवढंच म्हणाले. मग खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "आन् मी तिला सगळ्यांच्यापुढं खोटी ठरीवली."

तिथंच बाकावर बसून त्यांनी कागद लिहिला. गाळ्याला कुलूप लावलं. आम्ही कवठ्याची एसटी धरली. जागा होती तरी सर बसले नाहीत. गाडीत ते कधीच बसत नसत, दांडी धरून उभे राहायचे. 

तिचं घर गावाबाहेर, द्राक्षाच्या बागेला लागून. आई दारात ज्वारी पाखडत होती. लेकीचे सर आणि बाई दोघं आलेले बघून ती गडबडली, पदर सारखा केला, आत हाक मारली. पोरगी बाहेर आली. सरांनी पायताण काढलं आणि त्या सोळा वर्षांच्या पोरीपुढं हात जोडले.

"पोरी, माझं चुकलं. तू खरं सांगितलं हुतंस. मी तुला नगं नगं ते बोललो."

"आवं सर, आसं काय करताय?" आई पुढं झाली. "थोरामोठ्यांनी हात जोडायचं आस्त्यात व्हय? तिनंच लपीवलं न्हवं?"

सरांनी कागद पोरीच्या हातात दिला. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. पायताण घालून अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले, बागेकडं तोंड करून. मला जागा करून दिली होती त्यांनी, आणि ती इतकी नको होती मला!

मग मी आईला सांगितलं. सगळं सांगितलं. पायाचंही. सांगताना माझा आवाज मैदानावरचा राहिला नव्हता, मलाच ऐकू येत नव्हता नीट. आई ऐकत होती. तिच्या हातातलं सूप थांबलं होतं. तिनं ते खाली ठेवलं आणि लेकीकडं बघितलं.

पोरीनं कागदाची घडी केली. शांतपणे म्हणाली, "बाई, मी तुमच्यासाठी खोटं बोलले. तुमी कुणासाठी गप बसला हुता?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि आत साताऱ्याला जायची बॅग भरायला गेली. आम्ही निघालो तेव्हा सरांना तिनं आतूनच हाक मारून "या सर" म्हटलं. मला म्हटलं नाही.